कॅपो, कान आणि काळी दोन

"बाबा, मग कॅपो लावणं हेसुद्धा चीटिंगच की!"

माझ्या चौदा वर्षांच्या कन्येने हे वाक्य गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या तोंडावर फेकलं. वेळ रात्री साडेदहाची. स्थळ शारजातल्या रोल्ला भागातलं आमचं दोन बेडरूमचं घर. ऑगस्ट असूनही हॉलमधला एसी बंद, कारण मला एका जुन्या मराठी भावगीतातली गिटार कानाने ऐकून बसवायची होती. आपल्या इथली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे यंत्रांची गुणगुण बऱ्याचदा १०० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे पांढरी पाचच्या अगदी शेजारी. गाण्यातला खालचा सूर शोधायला बसलं की हा आगंतुक साथीदार मध्येमध्ये येतो. म्हणून एसी बंद, घाम चालू, आणि बायकोचा तोंडाचा पट्टाही चालू.

कन्येचं म्हणणं साधं होतं. तिच्या फोनवर एक ॲप आहे. त्यात गाणं घातलं की अर्ध्या मिनिटात सगळे कॉर्ड्स समोर येतात. "तू तीन दिवस तेच तेच कशाला ऐकतोस?" असं तिने विचारलं. त्यावर, परदेशी शिकून आलेल्या चाळिशीतल्या बापाला शोभेल असं भाषण मी ठोकलं. आयतं घेतलेलं आपलं होत नाही, कष्टाशिवाय विद्या नाही वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या गिटारवर लावलेल्या चिमट्याकडे बोट दाखवून वरचं वाक्य टाकलं.

मी गप्प बसलो. हल्लीच्या मुलांचं हे एक वाईट असतं. ती आपलंच म्हणणं आपल्याला लावून दाखवतात.

ज्यांचा गिटारशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सतारीला जसे पडदे असतात, तसे गिटारच्या मानेवर फ्रेट असतात. एकेक फ्रेट वर गेलं की सूर अर्ध्या स्वराने चढतो. कॅपो म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोराला भाऊ. तो एखाद्या फ्रेटवर लावला की सहाच्या सहा तारा तिथे दाबल्या जातात आणि सगळी गिटार तेवढी वर चढते. बोटं मात्र ओळखीच्याच जागा धरतात. समजा, गाणं काळी दोनमध्ये आहे. पाश्चात्त्य भाषेत ई फ्लॅट. कॅपोशिवाय ते वाजवायचं तर तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबत बसावं लागतं. बोटं दुखतात आणि मोकळ्या तारांचा झणकारही जातो. त्याऐवजी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि पहिल्या महिन्यात शिकलेले 'सी'च्या घरातले कॉर्ड्स धरा. निघेल काळी दोनच.

आता ही लबाडी म्हणायची की नाही? कन्येच्या बाजूने बोलायचं तर आहेच की. ज्याला बाराही पट्ट्यांत वाजवता येतं तो खरा वादक. उरलेले आम्ही चिमटेवाले.

आपल्याकडे हा वाद नवीन नाही. गिटारच्या कॅपोचा चुलतभाऊ आपल्या पेटीत केव्हाचा येऊन बसला आहे. स्केल चेंजर हार्मोनियममध्ये अख्खी पट्ट्यांची रांग उचलून डावी-उजवीकडे सरकवता येते. वादकाची बोटं आपल्या सवयीच्या जागी राहतात आणि सा मात्र गायकाच्या सोयीने बदलतो. कुठल्याही पट्टीत सफाईने वाजवणाऱ्या जुन्या पेटीवाल्यांना याचं फारसं कौतुक नसे. मुळात पेटीवरच कुठे सगळ्यांचं प्रेम होतं? युरोपातून आलेलं हे वाद्य. त्याचे बारा सूर कायमचे ठोकून बसवलेले. त्यात मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप इतका जोरदार होता की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. त्या सगळ्या काळात इकडे महाराष्ट्रात मात्र नाट्यसंगीत आणि पेटी यांचा संसार सुखाने चालला होता.

या संदर्भात मला कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे आठवतात. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकाचं संगीत त्यांचं, आणि १९३२च्या 'अयोध्येचा राजा'चंही. एवढा मोठा हार्मोनियमवादक, पण पेटी ते मुख्यतः स्वतःच शिकले. भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात त्यांनी गाणं कानांत साठवलं. अल्लादियाखाँसाहेबांकडे समोर बसून तालीम घेतली नाही, तरी गुरू त्यांनाच मानलं. म्हणजे वाद्य सोयीचं आणि परकं, पण विद्या कानाने कमावलेली. कन्येला उत्तर द्यायला मला या उदाहरणाने चांगला आधार मिळाला. त्यातून मी माझा सिद्धान्त तयार केला. आयटीतल्या माणसाला सिद्धान्त झाला की तो दोन रकान्यांत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्या रकान्यात बोटांचे कष्ट वाचवणाऱ्या सोयी. कॅपो, स्केल चेंजर, चष्मा, कुकर. या प्रामाणिक. दुसऱ्या रकान्यात ऐकण्याचे कष्ट वाचवणाऱ्या सोयी. तिचं ॲप, मी ग्लासगोला एमएस करताना वापरायचो त्या इंटरनेटवरच्या आयत्या याद्या, गाईड्स. या अप्रामाणिक. कॅपो बोटांना मदत करतो, पण तो कुठल्या फ्रेटवर लावायचा हे कानालाच शोधावं लागतं.

आणि ते शोधणं खरोखर मौजेचं असतं. त्या भावगीताचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. प्रत्येकाच्या घरात असं एक गाणं असतंच, ते तुम्ही तिथे घाला. आमच्याकडे ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाणं. ते मिरजेला रेल्वेत होते. ऑफिसच्या सत्यनारायणाला, गल्लीतल्या गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, कुठेही "अण्णा, ते म्हणा" अशी फर्माईश झाली की 'ते' म्हणजे हेच. त्याची कॅसेट घरी होती. ती मी इकडे येताना आणली आणि पुढे तिचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला.

पहिल्या रात्री मी फक्त सा शोधला. काळी दोन. थोडा इकडेतिकडे वाटत होता, पण जुन्या कॅसेटचं असंच असतं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या रात्री कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून 'डी'चा कॉर्ड धरला. कन्येच्या ॲपनेही तेच सुचवलं होतं. सूर बरोबर होते, पण गाणं ओळखीचं वाटेना. कुणाच्या घरी साखर नसलेला चहा मिळाला की काहीतरी राहिलंय एवढं कळतं, तसं. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. 'डी'च्या आकारात खालून वर तारा छेडल्या की सा, प, वरचा सा आणि वरचा ग असे सूर येतात. 'सी'च्या आकारात सा, लगेच ग, मग प, मग वरचे सा आणि ग. कॅसेटमध्ये खालच्या सा च्या मांडीला मांडी लावून गंधार बसला होता. एसी बंद केल्यावरच तो ऐकू आला. म्हणजे त्या अनाम वादकाचा हात 'सी'च्या घरात होता आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर! रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे छापण्यासारखी नाही.

माझ्या सिद्धान्ताला एवढा पुरावा पुरेसा होता. ॲपने कॉर्डची नावं बरोबर सांगितली होती, पण गंधार माझ्या कानाने शोधला होता. कन्येला मी तसं विजयी मुद्रेने सांगितलंही. ती "ओके" म्हणाली. या वयातलं 'ओके' किती प्रकारचं असतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कळेल.

पुढच्या महिन्यात अण्णा आले. वय शहात्तर. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. व्हिसा तीन महिन्यांचा. पहिल्या संध्याकाळी त्यांना रोल्ला चौकातल्या बागेत घेऊन गेलो. इथे अरबीत 'रोल्ला' म्हणजे वड. एके काळी इथे मोठा वड होता आणि त्याच्या सावलीत गाव जमत असे. हा वड १९७८ साली गेला. आता त्याचं स्मारक आहे. अण्णांनी आधी मला विचारलं, "वड कुठाय?" मी स्मारक दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बसायला येत नाही रे याच्याखाली." मी हसलो. त्यांचं ते बोलणं मला पुढे पुन्हा आठवणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी गिटार काढली. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला आणि सुरुवातीचा तुकडा जसाच्या तसा वाजवला, त्या गंधारासकट. अण्णांचा चेहरा खुलला. "अरे, हे तर तेच!" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणा ना अण्णा."

त्यांनी घसा साफ करून सुरुवात केली. धृपद कसंबसं झालं. अंतऱ्यात सूर तार षड्जाच्या वर रिषभाला जातो. तिथे आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं. मग थांबून म्हणाले, "जरा वर वाटतंय का रे?"

मी काय बोललो ते लिहायला आजही जड जातं. मी म्हणालो, "नाही अण्णा, पट्टी हीच आहे. कॅसेटमध्ये हीच आहे, मी तीन रात्री तपासलंय."

ते एक क्षण थांबले. म्हणाले, "असेल. मग तू कॅसेटबरोबरच वाजव. मी ऐकतो." आणि पाणी प्यायला उठून गेले.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते वरच्या पट्टीत कधीच बोलले नाहीत, तेव्हाही नाही. पण त्यानंतर चार दिवस मी गिटार काढली की त्यांना काहीतरी काम निघायचं. खाली फिरायला जायचं असायचं किंवा वर्तमानपत्र वाचायचं राहिलेलं असायचं.

पाचव्या दिवशी दुबईहून ऑफिस आटोपून, अल इत्तिहाद रोडवरची नेहमीची दीड तासाची कवायत करून मी घरी पोचलो. लिफ्टमधून बाहेर पडतो तर आमच्या दाराआडून अण्णांचा आवाज येत होता. तेच गाणं. अंतरासुद्धा! मी बाहेरच उभा राहिलो. समोरच्या मल्याळी शेजाऱ्यांचं दारही किलकिलं होतं.

आत गेल्यावर पाहिलं तर कन्या आणि आजोबा सोफ्यावर, आणि मध्ये फोन. त्याच ॲपमध्ये तिने गायकाचा आवाज बारीक करून टाकला होता आणि उरलेलं संगीत एक कळ सरकवून खाली आणलं होतं. "आजोबांना विचारलं, कुठे कम्फर्टेबल वाटतंय? ते म्हणाले अजून खाली, अजून खाली. मग मायनस फोरवर जमलं," एवढं सांगून ती अभ्यासाला निघून गेली.

मायनस फोर म्हणजे चार अर्धे स्वर खाली. काळी दोनवरून पांढरी सात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा दोन रकान्यांचा सिद्धान्त डोळ्यांसमोर पडलेला होता. ऐकण्याचे कष्ट मी घेतले होते. तीन रात्री, एसी बंद करून. पण मी ऐकत होतो ती कॅसेट. समोर बसलेल्या माणसाला मी ऐकलंच नव्हतं. आणि जिला मी आयतं घेणारी म्हणत होतो, तिने 'अप्रामाणिक' रकान्यातली सोय वापरून त्यांना एकच प्रश्न विचारला होता. कुठे जमतंय? तो मला सुचला नाही. तिने आजोबांना ऐकलं आणि मी माझ्या कष्टांना ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांसमोर बसलो आणि कॅपो काढायला गेलो, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ती मला वीस वर्षांपासून माहीत होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता. कॅपो फक्त वर नेतो, खाली आणत नाही. तरुण आवाजाला वर जायचं असेल तर कॅपोसारखा मित्र नाही. पण वयाने खाली उतरलेल्या आवाजाला तो उपयोगी पडत नाही. कॅपो पूर्ण काढला तर काळी दोनवरून मी पांढरी एकवर येत होतो, म्हणजे तीन अर्धे स्वर खाली. अण्णांना आणखी एक हवा होता. मग सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. सैल तारांचा आवाज थोडा घोगरा, थोडा जाड येतो. अण्णांच्या आवाजाच्या बाजूला तो बरा वाटला.

खुंट्या पिळताना अण्णा बघत होते. म्हणाले, "तंबोरा असाच लावतात. आपल्या मिरजेत बाप्यांचा तंबोरा वेगळा, बायकांचा वेगळा. भोपळाच वेगळ्या मापाचा घेतात. दुकानात आलेल्याला आधी विचारायचे, गाणार कोण?"

गाणार कोण? आपल्या संगीतात षड्ज आकाशातून ठरून येत नाही. गाणारा जिथे धरेल तिथे तो असतो आणि बाकीचे सगळे त्याच्याभोवती बसतात. स्पेनमधले फ्लामेंकोचे गिटारवालेही गायकाचा गळा पाहून कॅपो लावतात. आपल्याकडे तर वाजवणाऱ्याच्या कामाला शब्दच 'साथ' आहे. मी बरोबर वाजवत होतो, पण साथ करत नव्हतो. पेटीवरच्या त्या जुन्या आक्षेपाकडेही आता मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. गळ्याने वाद्याच्या ठोकलेल्या सुरांमागून जायचं की वाद्याने गळ्यामागून, हा प्रश्न त्यात होताच. चांगले पेटीवाले तो रोजच्या रोज मैफलीत सोडवत होते. मला तो माझ्या हॉलमध्ये सोडवता आला नव्हता.

आणि ज्या 'मूळ पट्टी'साठी मी वडिलांना गप्प केलं, तिचीही गंमत ऐका. गिटारच्या एका फ्रेटचा फरक म्हणजे कंपनसंख्येत साधारण सहा टक्क्यांचा फरक. कॅसेट प्लेअर सहा टक्के जोरात फिरला की गाणं एक फ्रेट वर चढतं, तीन टक्के फिरला की मध्येच कुठेतरी लोंबकळतं. माझा सा इकडेतिकडे का वाटत होता, ते मी शेवटी तपासलं. त्याच गाण्याची इंटरनेटवर मिळालेली प्रत माझ्या कॅसेटपेक्षा जवळजवळ अर्धा स्वर खाली, पांढरी दोनच्या आसपास निघाली. म्हणजे तिच्यावरून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. ती प्रतही कुणीतरी कुठल्यातरी यंत्रावरून उतरवलेली असणार. स्टुडिओत त्या दिवशी खरी पट्टी कोणती होती हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अण्णांचा आवाज मात्र माझ्यासमोर तीन फुटांवर होता, त्याबद्दल कसलीच शंका नव्हती.

आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना ही चूक करायची सवयच लागलेली असते, असं मला हल्ली वाटतं. आपण ज्या वर्षी विमानात बसलो त्या वर्षीचा महाराष्ट्र आपल्याजवळ कॅसेटसारखा असतो. तीच मूळ पट्टी मानून आपण चालतो. मुलांनी 'माझी हेल्प कर' म्हटलं की आपण लगेच सूर दुरुस्त करायला धावतो. गावी गेल्यावर तिथलीच मुलं तसं बोलताना ऐकली की चकित होतो. आईवडील इथे आले की त्यांनी पूर्वीसारखं हसावं, पूर्वीसारखं खावं, पूर्वीसारखं गावं अशी आपली अपेक्षा असते. नाही जमलं तर "तुम्हाला येतं हो, मला माहितीय" असा आग्रह धरतो. तो प्रेमानेच धरलेला असतो, पण कॅसेट लावून धरलेला असतो. आणि तिचा वेग बरोबर आहे की नाही, हे आपण कधी तपासलेलं नसतं. अण्णा स्मारकापाशी बोलले होते ते मला इथे आठवतं. झाड आठवणीत जपणं चांगलंच, पण माणसाला बसायला जागा लागते.

मग कानाने गाणं बसवायचे कष्ट वायाच गेले का? कन्येच्या ॲपसमोर मी हार मानली का? मला तसं वाटत नाही, आणि हे बापाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. त्या संध्याकाळी आम्ही पांढरी सातमध्ये गाणं सुरू केलं. अंतऱ्याच्या मध्ये अण्णांचा श्वास पुरेना. ते थांबले. ॲपमधलं संगीत असतं तर पुढे निघून गेलं असतं. माझा हात त्यांच्याबरोबर थांबला आणि त्यांनी पुढचा शब्द उचलला तसा पुढे निघाला. कागदावरून किंवा पडद्यावरून वाजवत असतो तर ते जमलं नसतं, डोळे तिकडे अडकले असते. तीन रात्रींच्या ऐकण्याने गाणं बोटांत उतरलं होतं, म्हणून माझे डोळे अण्णांच्या चेहऱ्याकडे होते. खालच्या सा शेजारचा तो गंधारही तिथे होता, फक्त आता चार पायऱ्या खाली. अण्णांनी तो ओळखला आणि मान हलवली.

तेव्हा कन्येच्या प्रश्नाचं उत्तर आता मी असं देतो. कॅपो लावणं ही लबाडी नाही, कॉर्ड्स आयते घेणं हीदेखील नाही. आणि तीन रात्री घाम गाळणं हा आपोआप प्रामाणिकपणा होत नाही. सोय आणि कष्ट या दोन्ही गोष्टी कुणासाठी वापरल्या, हे विचारावं लागतं. जो कष्ट करतो त्याला आपण बरोबरच आहोत असं वाटायचा धोका जास्त असतो, एवढं मी स्वतःच्या अनुभवाने त्यात घालीन. सोय वापरणाऱ्याला निदान गर्व तरी नसतो. हे उत्तर मी तिला दिलं तेव्हा ती पुन्हा "ओके" म्हणाली. पण या वेळचं जरा बरं होतं.

अण्णा डिसेंबरात मिरजेला परत गेले. आता रविवारी व्हिडिओ कॉल होतो. त्यात आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे एकत्र गाणं-वाजवणं जमत नाही. तिकडून ते म्हणतात आणि इकडे मी नुसता ऐकतो. हे काम मला आधी जमत नव्हतं, आता जमायला लागलं आहे. माझ्या वहीत त्या गाण्याच्या पानावर 'कॅपो ३' असं ठळक लिहिलं होतं. ते खोडलेलं नाही. त्याखाली लिहिलं आहे, 'अण्णा – कॅपो नाही, तारा अर्धा स्वर खाली.' पुढच्या भेटीत कदाचित एक स्वर लिहावं लागेल. वहीत जागा आहे.

यंदाच्या गणपतीच्या तालमीत एक काकू गायला उभ्या राहिल्या. मी सवयीने विचारलं, "काकू, कुठली पट्टी?" त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, "पट्टीबिट्टी मला नाही हो कळत. मी आपली स्वयंपाक करताना म्हणते. नको, राहू दे." आणि खाली बसायला लागल्या.

कन्या माझ्या शेजारी कॅपो हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काकू, तुम्ही सुरू करा. आम्ही शोधतो."

काकूंनी सुरू केलं.